पाकिटातून गेलेले वजें

माझ्या मुलीच्या सासूबाईंना मी घाबरतो. यात लपवण्यासारखे काही नाही, कारण त्यांनाही ते ठाऊक आहे.

त्या पेडण्याच्या बाजूच्या एका शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली म्हणतात. शाळेला झाली असतील, आम्हाला नाही. मुलगी बघायला त्या कारापूरला आमच्या घरी आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "बसा." मी बसलेलोच होतो. तरी उठलो आणि पुन्हा बसलो. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, ही गोष्ट अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.) आपल्या घरात त्या तिथल्या बोलीत बोलतात, पण माझ्याशी शुद्ध मराठीत, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देऊन. मला त्यांच्या शब्दांपेक्षा त्या पूर्णविरामांची जास्त भीती वाटते.

मे महिन्यात आमच्या शर्मिलाचे लग्न झाले आणि बघता बघता तिची सासरची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. पहिल्या चवथीला माहेराहून वजें जाते. केळ्यांचे घड, नारळ, नेवऱ्या (म्हणजे आमच्या करंज्या), लाडू, खाजे, असे टेंपोभर सामान. ते सासरचे लोक एकटे खात नाहीत, वाड्यावर, म्हणजे आजूबाजूच्या वस्तीत, घरोघर वाटतात. आणि खाता खाता वाडा सुनेच्या माहेराला गुण देतो. ते गुण सुनेच्या नावावर जन्मभर राहतात. आमच्या वाड्यावर एकीच्या वज्यातल्या नेवऱ्या मऊ पडल्या होत्या हे आजही सांगतात, आणि ती बाई आता आजी झाली आहे.

चवथीला आठ दिवस असताना सुनंदा न्हाणीत घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये. नेवऱ्या करून देणाऱ्या बायकांनी ऑर्डरी घेणे केव्हाच बंद केले होते. एक तर मला फोनवर हसली. मी दोन रात्री झोपलो नाही. आणि तिसऱ्या दिवशी, म्हापशाला एका मोठ्या दुकानाच्या काचेवर मला जाहिरात दिसली: गिफ्ट कार्ड. देणाऱ्याला त्रास नाही, घेणाऱ्याला हवे ते घेता येते. मला वाटले, देवच पावला.

"वजें म्हणान कार्ड?" सुनंदा म्हणाली. "तें वाड्यार वाटूचें कशें? सुरीन कापून?"

"अगं, हल्ली असंच देतात. शिकलेली माणसं आहेत ती. उलट मान वाटेल त्यांना."

"कितक्याचें?"

"पाच हजारांचं."

"शून्याचेर संपता? शुभ कार्यात?"

हे खरेच होते. मी दुकानात विचारले होते, पण पाच हजार एकाचे कार्ड निघत नाही म्हणाले. मग सुनंदाने डाव्या हाताने पाकिटाला चिकटपट्टी लावून रुपयाचे नाणे डकवले. ते इतके तिरके बसले की पाकीट एका बाजूला कलत होते. कार्ड कसे वापरतात हे मी दुकानातल्या मुलीला विचारणार होतो, पण माझ्या मागे मोठी रांग होती आणि ती मुलगी भराभर बोलत होती. मी नुसती मान हलवून बाहेर पडलो. हे सुनंदाला सांगितले नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी जवळच्या साखळीहून निघालो. पेडण्याच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, कारण प्रत्येकाजवळ काही ना काही होते. कोणाच्या मांडीवर घड, कोणाच्या पायाशी नारळांचे पोते. मोकळ्या हातांनी मी एकटाच बसलो होतो. शेजारी घड घेऊन बसलेल्या माणसाने विचारले, "खंय चल्लात?"

"लेकीच्या सासरी. पहिली चवथ. वजें घेऊन."

"खंय आसा वजें?"

मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. त्याने खिशाकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि आपला घड उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला. तिथून पेडणे येईपर्यंत मी खिशावरचा हात काढला नाही. मला काय होईल याची भीती नव्हती. (होती, पण तेवढी नव्हती.) आपण येऊ परत कारापूरला. पण पोरीला त्या वाड्यावर उभा जन्म काढायचा आहे, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा नीट कळले.

घराच्या सोप्यावर वाड्यातल्या सात-आठ बायका वजें बघायला येऊन बसल्या होत्या. विहीणबाई मधोमध खुर्चीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्यामागच्या रस्त्याकडे पाहिले. सगळ्याच बायकांनी रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावर एक कुत्रा होता.

"या. टेंपो मागून येत आहे का?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "ह्यात आहे." आणि पाकीट पुढे केले.

त्यांनी चष्मा लावला. नाणे पाहिले. कार्ड काढले, आणि पेपर तपासावा तसे आधी पुढून, मग मागून वाचले. तेवढ्यात शर्मिला दारात आली. तिने ते कार्ड पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. जन्मल्यापासून मी तिला ओळखतो, पण अशी घाबरलेली ती मी कधी पाहिली नव्हती. मला तिथल्या तिथे मेल्यासारखे झाले.

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. पूर्णविराम.

मग त्या आत गेल्या आणि पितळेचे ताट घेऊन आल्या. ताटात कार्ड ठेवले, त्याला हळदकुंकू लावले, चार अक्षता टाकल्या, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि ताट शर्मिलाच्या हातात दिले. "वाड्यावर फिरवून आण."

"आई," शर्मिला हळूच म्हणाली, "तें फिरवपाचें नसता..."

"आलेलें वजें फिरवल्याबगर ऱ्हवता?"

शर्मिला निघाली. मला सोप्यावर चहा दिला. मी तो हातात धरून बसलो. वाड्यातली घरे लागून लागून आहेत, त्यामुळे पहिल्या तीन घरांतले सगळे ऐकू येत होते.

"ह्यां काय गो?"

"वजें."

"आनी केळीं?"

दुसऱ्या घरातल्या म्हातारीला ते कसले तरी आमंत्रण वाटले. "येतंव म्हणान सांग सासूक," ती मोठ्याने म्हणाली. "जेवणाक काय नुसत्या चायेक?" तिसऱ्या घरात बराच वेळ कोणी काही बोललेच नाही. ते सगळ्यात वाईट होते.

आता आमच्याकडे एक रीत आहे: आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. त्यातून चवथीचा आदला दिवस, घरे भरलेली! पहिल्या घराने ताटात दोन नारळ ठेवले. दुसऱ्याने नेवऱ्या. तिसऱ्याने केळ्यांची फणी आणि दोन तवशी, म्हणजे काकड्या. शर्मिला दर तीन घरांनी परत यायची, सोप्यावर ताट रिकामे करायची आणि पुढे जायची. जाताना माझ्याकडे बघायची नाही. दुपारी एक वाजेपर्यंत विहीणबाईंच्या सोप्यावर ढीग लागला. लाडू, खाजे, एक आख्खा घड, एक भोपळासुद्धा! टेंपोने आले नसते एवढे वजें माझ्या डोळ्यांसमोर साठत होते, आणि ते मी आणलेले नव्हते. बायका बघत होत्या. मी चहाच्या कपात बघत होतो.

शर्मिला शेवटचे घर करून आली. विहीणबाईंनी रुमाल बाजूला केला. ताटात लाडू होते, अक्षता होत्या. कार्ड नव्हते.

"कार्ड खंय?"

शर्मिलाने ताट हलवले. मग सोप्यावरचा ढीग उपसला. नारळ गडगडत अंगणात गेले. "आई, आतां होतें," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण दुसरीच्या कानाशी लागली. आणि मी उठलो. कसा उठलो मला माहीत नाही. कपातला चहा माझ्या शर्टावर सांडला होता.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. बायकोचा हात मोडला, मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या मुलीला काही बोलू नका."

विहीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली. पण बसलो नाही, एवढे मात्र सांगतो.

तेवढ्यात वाड्याच्या टोकाच्या घरातले गुणाजी आले. हातात कोयती, डोक्यात पानांचा कचरा. "बाईनू, माटोळी बघूक येवा," ते आनंदाने म्हणाले. "औंदा आमची माटोळी कोणाक आटपाची नाय."

आम्ही सगळे गेलो. माटोळी म्हणजे गणपतीच्या जागेच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला त्यांनी नेहमीसारखी रानातली फळे, सुपाऱ्या, नारळ, पपनसासारखी तोरिंगे बांधली होती. दर वर्षी जो तो आपल्या माटोळीला कोणाकडे नसेल असे काही तरी शोधत असतो. आणि मधोमध, तोरिंगाच्या शेजारी, दोरीला लटकत, हळदकुंकू लावलेले माझे गिफ्ट कार्ड गोल गोल फिरत होते. गुणाजींनी खिळ्याने त्याला भोक पाडले होते.

"वज्यातलां आमच्या वांट्याक आयलां," ते म्हणाले. "वाड्यार एकच आसा."

शर्मिला माझ्याकडे बघायला लागली. मी विहीणबाईंकडे. हेडमिस्ट्रेसच त्या, निकाल त्याच देणार. त्यांनी खूप वेळ वर पाहिले. "माटोळीक बांदलां तां गणपतीचां," त्या म्हणाल्या. "विसर्जनाआधी काडूक मेळूचां नाय."

परत येऊन त्यांनी दुसरा निकाल दिला. वाड्याने दिलेले वाड्यालाच कसे वाटणार? आणि माहेराहून वजें आले त्या माहेराला रिकामे परत कसे पाठवणार? तेव्हा हे सगळे व्याह्यांनी न्यावे. नको म्हणायला मी तोंड उघडले. त्यांनी पाहिले. मी मिटले.

अशा रीतीने मी टेंपोच्या पुढच्या सीटवर भोपळा मांडीवर घेऊन कारापूरला परतलो. मुलीकडे वजें द्यायला गेलेला बाप टेंपोभर सामान घेऊन परत येतो, याचा आमच्या वाड्याने एकच अर्थ लावला. मी उतरायच्या आधीच बातमी चार घरे पुढे गेली होती: वजें परत पाठवले! सुनंदा प्लास्टरचा हात छातीशी धरून दारात उभी होती. तिने केळी पाहिली आणि खालीच बसली.

"मेल्यानू, माझ्या चेडवाक हाकलून घातलें?"

तिला समजावायला तास लागला. वाड्याला समजावता आले नाही. शेवटी शर्मिलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला. "आई, मी बरी आसा," ती म्हणाली. "सासूबाई सांजेपासून हसतत. बाबा चहा सांडून उभे राहिले ते सगळ्यांना करून दाखवतत." खिडकीबाहेरची गर्दी थोडी नाराज होऊन पांगली.

सातव्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. मी उभा राहून घेतला.

"व्याही, एक विचारूं? रागाक येव नकात." पहिल्यांदाच त्या माझ्याशी आपल्या बोलीत बोलत होत्या. "कार्ड गुणाजीन परत दिलां. पण तां म्हणजे नेमकां काय? त्या दिसा वाड्यासमोर विचारूक माका भंय दिसला. इतकी वर्सां हेडमिस्ट्रेस, आनी म्हायत नाय म्हणान कशें सांगूं?"

त्यांना भीती वाटते! मग मी खरे ते सांगितले, की दुकानातल्या मुलीला विचारायला मीही घाबरलो होतो.

रविवारी आम्ही म्हापशाला त्या दुकानासमोर भेटलो. "तुमी फुडें व्हा," त्या म्हणाल्या. "छे छे, तुम्ही मोठ्या," मी म्हणालो. असे दोन-तीनदा झाल्यावर शर्मिला आम्हा दोघांच्या मधून वाट काढत पुढे गेली. सासूबाईंना काय हवे ते विचारून तिने मोठा प्रेशर कुकर घेतला, आणि काउंटरवर कार्ड ठेवले. आम्ही दोघे तिच्या पाठीमागे, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे उभे होतो.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड उचलले, उजेडात धरले आणि त्याच्या भोकातून आमच्याकडे पाहिले. "हें भोक कोणें पाडलें?"

विहीणबाईंनी ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवले. आणि घाबरून मीही माझ्याकडेच दाखवले.