नऊ किलोमीटरची तांबडी रेघ

सरांना मराठी वाचता येतं, म्हणून हे मराठीत लिहितेय. आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुणालाच येत नाही. शिवाय मुद्दाम त्यांच्या मराठीत लिहितेय, पुस्तकातल्या. आमच्या तंजावरच्या मराठीची त्यांनी केलेली चेष्टा मी विसरलेली नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचं खाजगी ऑफिस. राज्याच्या रस्त्यांची रजिस्टरं तयार करून द्यायची, हे आमचं काम. सर तिथले मुख्य. महाराष्ट्रातून आलेले, हुशार, देखणं अक्षर, आणि जीभ म्हणजे सुरी. मी मैलापूरहून रोज बस धरून जाणारी, नवीन लागलेली मुलगी.

लोकांना वाटतं, राज्य महामार्गांचे नंबर घरांच्या नंबरांसारखे ओळीनं असतील. छे! रस्ता जसा बढती मिळवतो तसा त्याला नंबर मिळतो. आज जिल्हा रस्ता आहे, उद्या वाहतूक वाढली, राज्य महामार्ग झाला, की यादीच्या शेवटचा नंबर त्याच्या गळ्यात. मग शेजारच्या रस्त्याचा नंबर चाळीसच्या घरातला आणि ह्याचा दोनशेच्या. एखादा राष्ट्रीय महामार्गात गेला तर त्याचा जुना नंबर रिकामा पडून राहतो. बाहेर रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांच्या डोक्याचा हिरवा रंग जाऊन पिवळा येतो, आणि आत आमच्या रजिस्टरात एक पान बंद होतं. हे सगळं मला सरांनीच शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. तेवढं कबूल करते.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे दोन रस्ते एकत्र येतात तो. तालुक्याच्या गावाशी दोन महामार्ग भेटतात, काही अंतर एकाच डांबरावरून जातात आणि पुढे वेगळे होतात. आमच्याकडे ती सामाईक लांबी एकदाच मोजायची पद्धत, आणि ती लहान नंबरच्या रस्त्याला द्यायची. मोठ्या नंबरच्या पानावर फक्त टीप लिहायची की मधला तुकडा अमुक पानावर पाहा. नाहीतर जमिनीवर एक रस्ता आणि कागदावर दोन.

दुसरी पद्धत सह्यांची. प्रत्येक पानाखाली 'तयार केले' आणि 'तपासले'. चूक सापडली तर खोडायची नाही. तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि ज्याची चूक त्यानं वर सही करायची. "रजिस्टरात काही लपत नाही," सर म्हणायचे.

माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा मी तेरा दिवस रजेवर होते. परत आले तर माझ्या गठ्ठ्यातलं एक पान भरून तयार. सरांनी स्वतः भरलं होतं, काम अडू नये म्हणून. "सही कर," म्हणाले. मी न वाचता 'तयार केले'च्या खाली केली. माझी चूक ती, आणि तेवढीच.

त्या पानावर दोन रस्त्यांचे सामाईक नऊ किलोमीटर पुन्हा धरले होते; लहान नंबरच्या पानावर ते आधीच होते. सरकारी इंजिनिअर जीप घेऊन तो रस्ता तपासायला गेले. शेवटचा दगड त्रेपन्नावर, रजिस्टरात बासष्ट. मीटिंगमध्ये त्यांनी पान पुढे ठेवलं. सरांनी पानाकडे पाहिलं, स्वतःचंच अक्षर ओळखलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यांचं असंच. घरी बोलतात ते मराठी नाही आणि इथे भरतात तो रस्ता नाही."

मग तेच त्यांनी सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये सांगितलं. सगळे हसले. घरी अम्माला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अस्की लोकांपुढें?" सगळ्यांपुढे. हो, सगळ्यांपुढे. पुढच्या आठवड्यात माझी बदली अंबत्तूरच्या रेकॉर्ड रूमला झाली. सहा वर्षं मी जुने गठ्ठे झटकत बसले. माझ्यामागून लागलेले माझ्यापुढे गेले. बसमध्ये उभी असताना मी दातओठ खायचे आणि मनात सरांचं तेच एक वाक्य घोळवायचे.

पण रेकॉर्ड रूममध्ये सगळंच येतं, हे सर विसरले. चौथ्या वर्षी एका गठ्ठ्यात त्यांची मोजणीची वही निघाली. तो रस्ता, ते देखणं अक्षर, तारीख माझ्या रजेतली, आणि नऊ किलोमीटर दोन्हीकडे. मी वही रुमालात बांधून कपाटात ठेवली. ओरडले नाही. कुणाला दाखवलीही नाही, कारण तेव्हा दाखवली असती तर त्यांनीच ती फाडून टाकली असती.

सर निवृत्त झाले. मला परत गिंडीला बोलावलं, आणि हळूहळू मी त्यांच्याच खुर्चीवर आले. गेल्या वर्षी ठरलं की जुनी सगळी रजिस्टरं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायची. प्रत्येक जिल्ह्याच्या ऑफिसात कुणीही पान उघडून पाहील. त्याआधी राहिलेल्या दुरुस्त्या सहीसकट पूर्ण करायच्या. ह्याचीच मी वाट पाहत होते.

रजिस्टर, वही आणि तांबडं पेन घेऊन मी सरांच्या घरी गेले. तेही आता मैलापूरलाच राहतात, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. सरांच्या बायकोनं, मामींनी, दार उघडलं. "ये गं, बस. कॉफी टाकते," म्हणाल्या. सर थकले होते. मी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

"पंधरा वर्षं झाली," म्हणाले. "आता कशाला?"

"पद्धत आहे, सर."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ब्लेड आहे तुझ्याकडे? खरवडून टाक. तुझं नाव जाईल, माझं येणार नाही. बरोबर आकडा लिही. कुणाला कळतंय?"

नकाशावरची शाई आम्ही अर्ध्या ब्लेडनं खरवडायचो, आणि तसलं ब्लेड माझ्या पर्समध्ये आजही असतं. पाच मिनिटांचं काम होतं. पंधरा वर्षं माझ्या नावाला चिकटलेली ती चूक निघून गेली असती, पान स्वच्छ झालं असतं. खोटं कशाला बोलू, हात पर्सकडे गेला होता. पण मी स्वच्छ झाले असते तर तेही झाले असते.

"रजिस्टरात खरवडत नाहीत, सर. तुम्हीच शिकवलंत."

मी बासष्टावर आणि माझ्या नावावर तांबडी रेघ मारली, वर त्रेपन्न लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली; ते देखणं अक्षर आता वाकडंतिकडं झालं होतं. मला दया आली नाही. यायला हवी होती, असं आता कधीकधी वाटतं, पण तेव्हा आली नाही. मामी कॉफी घेऊन आल्या. "कसली सही गं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश, आमच्या तंजावरच्या मराठीत. त्यांना सगळं समजलं. सर टंबलरमध्ये बघत बसले होते.

आता ते पान कॉम्प्युटरवर आहे. परवा ऑफिसातल्या नव्या मुलीनं ते उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. आधी तिनं माझंच नाव वाचलं. रेघेखालून ते स्पष्ट दिसतं, आणि वरची त्यांची वाकडीतिकडी सही वाचायला तिला वेळ लागला. "मॅडम, हे तुम्ही?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचं नाव त्या पानावर राहायचं तर माझंही राहणं भाग आहे. राहू दे.