कीबोर्ड हाय

प्रिय नीरजा आणि ओम,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भांडलात, की त्या कीबोर्डवाल्या गेमिंग मशिनचं कुठलं मॉडेल घ्यावं. ओम म्हणाला, "आजीला यातलं काय कळणार?" म्हणून हे लिहिते आहे. ती दोन्ही मॉडेलं मी शेजारी ठेवून तपासली आहेत. त्या दिवशी मी एका बाईला जवळजवळ चोर ठरवलं होतं.

भिवंडीजवळ काल्हेरच्या गोदामात मी पोचले तेव्हा संगीता पाटील स्टुलावर बसून होती. तिचा मोबाईल मॅनेजर जाधवांच्या टेबलावर होता. शेजारी पोलिसांसाठी टाइप केलेली तक्रार. फक्त सही बाकी होती.

"सहीआधी तुमची तपासणी हवी, मॅडम," जाधव म्हणाले. "पण चोर समोरच बसलाय."

मी आयुष्यभर माल तपासला. आधी निजामपुऱ्यात लूमवरून उतरलेले कापडाचे तागे, मग गोदामं. शंका घ्यायचाच मला पगार मिळायचा. निवृत्तीनंतरही अधूनमधून बोलावतात.

प्रकरण असं होतं. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली मशिनं इथे तपासून पुन्हा विकतात. दोन मॉडेलं, 'हाय' आणि 'लो'. आकार तोच, वजन तेच, स्क्रीनखाली अंगठ्यांनी दाबायचा तोच छोटा कीबोर्ड. फरक आतल्या ताकदीचा. बाहेरून एकच खूण: हायच्या बटणांखाली दिवा लागतो, लोच्या नाही. नऊ जणांनी हाय मागवलं आणि त्यांना लो मिळालं. नऊही बॉक्स संगीताने तपासलेले.

"तू बदललीस?" मी विचारलं.

"मी कशाला बदलू? आमच्या शेलार गावाला कोन खेलतंय ह्यावर?"

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांवर माझा विश्वास नसतो. मी तिचे हात पाहिले, पिशवी पाहिली, कपाटाचं कुलूप पाहिलं. काही सापडलं नाही. त्याने माझा संशय वाढलाच. सराईत असेल, असं वाटलं.

मग मी कॉम्प्युटरवरची तिची यादी वाचली. सगळी मशिनं हाय. फक्त एकच लो. तो बॉक्स मागवला. मशिन चालू केलं. अर्धी बटणं मेलेली, पण उरलेल्यांखाली दिवा! म्हणजे ते हाय होतं.

इथे मी अडखळले. लो ठेवून हाय म्हणून लिहिणं समजू शकतं. पण चोर महाग मशिन स्वस्त म्हणून का लिहील?

"रोज करता तसंच काम माझ्यासमोर करा," मी म्हटलं.

संगीता बॉक्स उघडू लागली. कॉम्प्युटरवर नोंद करणारा ऑपरेटर मिश्रा काचेपलीकडे बसून विचारत होता. तो नुकताच लखनौहून आला होता.

"बॉडी?"

"बरी."

"चार्जर?"

"दिला."

"कीबोर्ड?"

"हाय."

मिश्राने बटण दाबलं. मीही वहीत लिहिलं: High. मग मशिन हातात घेऊन चालू केलं. दिवा लागेना. माझ्या डोळ्यांदेखत बॉक्स उघडलेला. बदलायला जागाच नव्हती.

"संगीता, हे हाय आहे?"

"हाय ना, मॅडम."

"मग लाइट कुठे आहे?"

"लाइट न्हाय. कीबोर्ड हाय."

मी पेन खाली ठेवलं. लहानपणी माझ्या तोंडून 'हाय' निघालं की आई डोळे वटारायची. "'आहे' म्हण. शाळेत जातेस ना?" शाळेने तो शब्द इतका पुसला की भिवंडीत जन्मून मी त्याचं इंग्रजी केलं.

"मिश्राजी, 'न्हाय' बोली तो?"

"स्क्रीन पे दो ही ऑप्शन हैं, मॅडम. हाय और लो. हाय नहीं, तो लो दबा देता हूँ."

अर्धी बटणं मेलेल्या त्या मशिनला संगीता 'न्हाय' म्हणाली असणार.

जाधवांनी टेबलावरचा कागद उचलला. मग त्यांनी तक्रार फाडली. आधी दोन तुकडे, मग चार. माफी मात्र मागितली नाही.

संगीता उठली. "साहेब, माझा मोबाईल द्या आता. का त्यो पन हाय का लो, बघायचाय?"

मिश्रा हसला. मीही हसले, पण उशिरा. माफी मागायला मला संध्याकाळ झाली.

तर ओम, दिव्याचं मॉडेल घे. अंधारात अक्षरं दिसतात, आणि अंगठे तुझे माझ्यासारखेच जाड आहेत. आणि नीरजा, कुणाचं उत्तर खोटं वाटलं तर आधी आपला प्रश्न तपासून पाहा. मला हे पासष्टीनंतर कळलं.

आता गोदामात बॉक्सवर रंगीत चिठ्ठी लावतात, दिवा असेल तर हिरवी, नसेल तर लाल. मिश्रा बदलून गेला. संगीता अजून त्याच टेबलावर काम करते आणि अजून 'हाय'च म्हणते. माझ्या वहीतलं ते High मी खोडलेलं नाही.

तुमची आजी