पेणला उतरायचं होतं

गाडी सुटली आणि आई आतच राहिली.

मी पेणच्या फलाटावर उभी होते. एका हातात पिशवी, त्यात डॉक्टरांचे कागद, पाण्याची बाटली, आईची जादा साडी. दुसरा हात तिच्यासाठी वर केलेला. ती दारापर्यंत आली, माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि परत जागेवर जाऊन बसली. मी ओरडले. गाडी हलली. खिडकीतून तिचा पांढरा अंबाडा दिसला, मग तोही दिसेना.

पिशवी घेऊन मी आधी उतरले, ही माझी चूक. आधी तिला उतरवायला हवं होतं. सत्तरी गाठली तरी मला हे कळलं नाही.

स्टेशन मास्तर भला होता. त्याने पुढच्या स्टेशनांना फोन लावले आणि मला झापलंही. "आजी, हात धरायचा ना म्हातारीचा!"

"धरायला हात रिकामा नव्हता," मी म्हटलं.

पाऊण तासाने जित्याहून निरोप आला, एक म्हातारी उतरली आहे, सोबत बाई आहे. मी रिक्षा केली. वाटेत हमरापूरकडचे गणपतीचे कारखाने लागले. पांढऱ्या, रंग न लावलेल्या मूर्ती शेडमध्ये ओळीने बसलेल्या. रिक्षावाला कौतुकाने सांगत होता, कुठली मूर्ती कुठल्या देशात जाते. मी ऐकलं नाही. जिते हे आईचं माहेर, एवढंच डोक्यात होतं. पेण तिला आठवलं नाही, जिते आठवलं.

जित्याच्या बाकावर ती बसली होती. शेजारी गाडीत आमच्या समोर बसलेली मुसलमान बाई. आमच्या रोह्याकडचीच, पनवेलला लेकीकडे निघालेली. दोघी डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकट खात होत्या.

"मावशी म्हनते, भाव गाडी घेऊन येतोय," ती मला म्हणाली. "म्हटलं, येईपर्यंत बसू दोघी."

मामाला जाऊन वीस वर्षं झाली. बैलगाडी त्याच्याही आधी गेली.

"तुमची गाडी चुकली," मी म्हटलं.

"चुकू दे गो. माझी सासू पन अशीच उतरलेली, नागोठण्याला. तेव्हा कोन नाय बसलं तिच्याजवळ. तीन दिवस शोधली."

आईने मला भाकरीचा तुकडा दिला. "घे गो बाय. लांबून आलीस?"

व्हय, म्हटलं. लांबून.

ती बाई पुढच्या गाडीसाठी थांबली. त्याच रिक्षाने आम्ही मायलेकी पेणला परतलो. आता कशासाठी एवढा खटाटोप, ते सांगते. आई माझ्या भावाकडे राहते, रोह्याजवळ वरशाला. भाऊ कंपनीत, शिफ्टला. भावजय म्हणते, म्हातारी ढोंग करते. जेवते आणि जेवले नाही म्हणून शेजाऱ्यांना सांगते. बाहेर जाताना ती आईला कोंडून कुलूप लावते. भाऊ म्हणाला होता, "आजार हाय असं डॉक्टर लिहून देऊ दे, मग मानीन." तो कागद आणायला मी निघाले होते. कागद आला की कुलूप जाईल, असं मला वाटत होतं.

डॉक्टर आठवड्यातून एकदा पेणला येतात. तरुण, शहरातले. दोन तास बसल्यावर नंबर लागला.

"आजी, आज वार कुठला?"

"तुमच्या मागं कॅलेंडर हाय, बघा की," आई म्हणाली. नर्स हसली. मलाही बरं वाटलं.

"मुलं किती?"

"पाच. दोन गेली." बरोबर.

"मालकांचं नाव काय?"

आईने पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघितलं. डॉक्टरांनी थोडं थांबून कागदावर फुली मारली.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"आठवत नाही, असं."

"खोडा ते. आमच्यात बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या चार यत्ता झाल्यात, तरी मीही घेत नाही."

ज्या कागदासाठी आले, त्याच कागदावरून मी भांडत होते. पण खोटी फुली मला नको होती.

"मग विचारू कसं?"

"उखाणा घालायला सांगा. सगळ्या आळीत तिचा उखाणा पहिला असायचा."

त्यांनी सांगितलं. आई ताठ बसली. आवाज एकदम तरणा झाला.

"खळ्यात मळणी, सुपात भात..."

थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा भातापाशीच थांबली. तिसऱ्यांदाही. लाजत नव्हती, शोधत होती. मग माझ्याकडे वाकली आणि कानात विचारलं, "बाय, काय गो नाव त्यांचं?"

मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी फुली खोडली नाही. मीही पुन्हा खोडा म्हटलं नाही.

ते समजावून बोलले. हा मेंदूचा आजार असावा, ढोंग नाही. रक्त तपासायचं, डोक्याचा फोटो काढायचा. औषधाने वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कोंडू नका. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

परतीच्या गाडीत मी तिच्या पदराची माझ्या पदराला गाठ मारली. समोरच्या पोरी हसल्या. हसू देत. कासूपासून पुढे ती खिडकीबाहेरची शेतं बघून कुणाचं भात चांगलं, ते सांगत होती. शेतं उन्हाळ्याची, रिकामी होती.

वरशाला भावाने कागद दोनदा वाचला.

"बरं नाय होनार, असं लिवलंय. मग नेलीस कशाला?"

"कुलूप काढायला," मी म्हटलं.

"आता तर लावायलाच लागंल," भावजय आतून म्हणाली. "जित्याला उतरते म्हातारी! उद्या मुंबईला जाईल."

लहानपणी या भावासाठी माझी शाळा सोडवली होती, त्याला सांभाळायला. मी पिशवी खाली ठेवलीच नव्हती. पदराची गाठही सोडली नव्हती. तशीच आईला माझ्या घरी न्यायला जिना उतरले. या वेळी ती आधी, मी मागून. भाऊ खाली आला नाही.

डॉक्टरकडे जाऊन माणूस बरं होतं, असं समजून निघाले होते. डॉक्टर आजाराचं नाव सांगतो, तेवढंच.

हे जिच्यावर आलं ती चांगुणा धर्मा, माहेर जिते, वय कार्डावर शहाऐंशी. सोबत होते ती मी, तिची थोरली मुलगी.