हिवाळ्यातली उन्हाळी

आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. मग ती पौषात का लागेना. धण्याचं पाणी, सब्जा हे सगळ्यांचे उपाय. माझा खास उपाय फ्रीजच्या दारात असायचा: अँटिबायोटिकची उरलेली बाटली. लेकीला जरा बरं वाटलं की मी औषध थांबवायचो, उरलेलं जपून ठेवायचो आणि पुढच्या उन्हाळीला तेच पाजायचो.

"अवो, डॉक्टरले तं विचारा," बायको म्हणायची.

"डॉक्टर बी हेच देते," मी सांगायचो. या हुशारीचा मला अभिमान होता. लिहितानाही कान गरम होताहेत.

यंदा हिवाळ्यात सहा वर्षांच्या त्या लेकीला हुडहुडी भरून ताप आला. बाटलीतलं पाजलं, ताप हलेना. तेव्हा कुठे तिरोड्याहून गोंदियाला, मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पहले कभी पेशाब का इन्फेक्शन हुआ था?"

"नाही मॅडम. कधीच नाही." मी खोटं बोलत नव्हतो. उन्हाळी वेगळी, इन्फेक्शन वेगळं, अशीच माझी प्रामाणिक समजूत होती.

लेक तापातही टेबलावरून बोलली, "उन्हाळी लागते नं मले! पप्पा फ्रीजमधलं गुलाबी देते. मस्त लागते."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, उसी को इन्फेक्शन कहते हैं."

लघवी तपासायला गेली. तोवर बाईंनी दिलेल्या औषधानेही ताप उतरेना. रिपोर्ट आला, त्यात औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. बहुतेक ठिकाणी आर. मी दवाखान्याच्या जिन्यातूनच बायकोला फोन केला, "जवळपास सगळंच राइट आहे!"

"आर म्हणजे रेझिस्टंट," बाई आत म्हणाल्या. "ही औषधं या जंतूंवर आता चालत नाहीत. अर्धवट औषधातून जे वाचले, तेच दर वेळी तुम्ही पोसलेत. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं तर तिथे कायमचा डाग राहील. तोंडाने द्यायचं काही उरलं नाही. भरती करा, इंजेक्शनं द्यावी लागतील."

मी भरतीच्या कागदावर सही केली.

लेकीच्या हाताला सुई लावली. तिच्यातून औषध जाताना झोंबायचं. पहिल्याच वेळी तिने हात मागे ओढला. "चूक पप्पाची, तं सुई मले काऊन?"

"बरोबर बोलून राहिली पोरगी," सिस्टर म्हणाली. "भाऊ, बाही वर करा."

मग दर डोसाला आधी माझा नंबर. सिस्टर बिनसुईची रिकामी सिरिंज दंडाला टेकवायची आणि मी "मेलो गं माय!" म्हणून ओरडायचो. शेजारच्या खाटेवरच्या आजी पदर तोंडाला लावून हसायच्या. मला ओरडायला काही कष्ट पडत नव्हते. रडायचंच होतं, ते असं ओरडून घ्यायचो.

एका सकाळी लेकीचं अंग गार लागलं. थर्मामीटरनेही ताप नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीचं पोट दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. "लगता है, किडनी बच गई. पण कोर्स पूर्ण होईपर्यंत घरी नाही."

मी तसाच बसून राहिलो. सिस्टर आली, सिरिंज टेकवून झाली, तरी माझ्या तोंडून आवाज निघेना.

लेकीने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सिस्टर, यायले असर नाही होऊन राहिला. मोठी सुई आणा!"