टाचणी लावणारा ओरडायचा

"बोटींचा ट्रक बंद रस्त्यावर पोचलाच कसा?" कर्नल माने यांनी विचारलं. खोलीतले सगळे अधिकारी आपापल्या टॅबलेटकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात उभी होते.

बडोद्यात लष्कराचा पूर-बचावाचा सराव चालला होता. पूर खोटा, ट्रक खरे. कमांड टीमसाठी सॉफ्टवेअर आमच्या, शहरातल्याच गोरवा भागातल्या छोट्या कंपनीचं. ज्याला जे कळेल ते त्याने नकाशावर टाकायचं, सगळ्यांना लगेच दिसणार. 'फोन नको, आरडाओरडा नको,' असं आमचे बॉस जिग्नेशभाई यांनी ब्रोशरवर छापलं होतं. ही शेवटची ट्रायल. नापास झालो तर ऑर्डर गेली, आणि मागोमाग आमचं ऑफिसही.

"सर, रस्ता बंद झाल्याचं मी टाकलं होतं," एक मेजर म्हणाले.

"मला दिसलं नाही," बोटींचे मेजर म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते. आमच्या नकाशाला लेअर होते, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. रस्त्यांचा एक, बोटींचा एक, दवाखान्यांचा एक. स्क्रीनवर गर्दी नको म्हणून नको तो लेअर बंद करायची सोय होती. बोटींच्या मेजरनी सकाळी रस्ता बघितला आणि रस्त्यांचा लेअर बंद केला. नंतरचं त्यांना दिसणार कसं?

"हवे शुं करवानुं, वैशालीबेन?" आता काय करायचं, असं जिग्नेशभाई माझ्या कानात कुजबुजले. "ती सोयच काढून टाकू?"

"मग नकाशाची भेळ होईल."

कर्नल माने बडोद्याचेच, पणजोबा संस्थानच्या फौजेतले. माझ्याशी मराठीत बोलले. "पूर्वी भिंतीवर एकच नकाशा असायचा. टाचणी लावणारा आधी ओरडून सांगायचा, मग लावायचा. डोकं उठायचं, पण सगळ्यांच्या कानावर पडायचं. तुमच्या सिस्टिममध्ये ओरडायचं कुठे, ताई?"

मला राग आला. गोंगाट कमी करण्यासाठीच तर एवढे दिवस डोळे फोडले होते! पण खोलीतली ती शांतता मलाही खटकत होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भिंतीवर प्रोजेक्टर लावला. त्यावर सगळे लेअर कायम चालू; टॅबलेटवर मात्र ते बंद करायची सोय तशीच. नियम एकच: नकाशावर काही टाकलं की तोंडाने सांगायचं, आणि ज्याच्या कामाचं असेल त्याने "मिळालं" म्हणायचं.

दुपारी खोलीचा मासळीबाजार झाला. "पूल बंद!" "मिळालं!" बोटींचा ट्रक वेळेत वळला.

ट्रायल पास झाली. माहिती टाकणं वेगळं आणि ती पोचणं वेगळं, एवढं आम्ही शिकलो. जिग्नेशभाईंनी ब्रोशर पुन्हा छापलं. त्यावर आता फक्त 'फोन नको' एवढंच आहे.