भुताची चाल

आमच्या गेममधल्या भुताला माझ्या बापाची चाल दिली होती. मला ते कळलं प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

कोल्हापुरात गेम डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होतो. गटात दोघंच. कोडिंग माझं, अ‍ॅनिमेशन मंगळवार पेठेतल्या एका शहाण्याचं. त्याचं भूत काही केल्या चालेना, कवायतीला निघाल्यासारखं पाय आपटायचं. त्या दिवशी त्यानं नवी चाल बसवून दाखवली. डावा पाय फरफटत, खांदा खाली टाकत, मधेच थांबून गुडघ्यावर हात. मी बघताक्षणी ओळखली. अपघातापासून आण्णा असेच चालतात. मागं हुपरीहून ते माझा डबा घेऊन कॉलेजवर आले, तेव्हा ह्या भाद्दरानं व्हरांड्यातून त्यांचं मोबाइलवर शूटिंग केलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "काढ ती चाल."

"कशाला? स्वतःची चाल कुणी बघितलीया व्हय? तुझ्या आण्णाला काय कळतंय?"

सरांकडं गेलो. सरांनी भूत दोनदा चालवून बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुमच्या गेममध्ये बघण्यासारखं एवढंच आहे. उद्या परीक्षक येणार, आता हात लावू नका."

आण्णांनी ते बघू नये, एवढंच मला पाहिजे होतं. फोन करून सांगितलं, उद्या येऊ नका, गर्दी असते. आण्णा म्हणाले, "पोराचा गेम बघायला न्हाय, तर काय पोराचं लग्नच बघायला येऊ?" आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आण्णांचा दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडणारा हात, माऊस लगेच जमला. भूत समोर आलं. आण्णा हसले.

"लंगडं हाय की हे. ह्याला बंदूक कशाला, काठी बी पुरंल."

मागं सगळा वर्ग खिदळला. म्हणजे त्या हरामखोरानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हसू ऐकून आण्णांना चेव आला. एकेक भूत टिपायचे आणि मागं वळून बघायचे, पोरं टाळ्या देतात का. पोरं देत होती. मी शेजारी उभा होतो, आणि कुणाच्या कानाखाली जाळ काढला असता तर आण्णांनी कारण विचारलं असतं.

हुपरीच्या एस्टीत त्यांनी विचारलं, "भूत चालतंय झकास. कुणी केलं?"

मी म्हटलं, "मीच."

दुसरं काय सांगणार? पण आण्णांना ते एवढं आवडेल, असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी आमच्या दारातल्या कट्ट्यावर कारागीर चहाला बसले होते, तिथं त्यांनी विषय काढला. माझ्या पोरानं भुताला चालायला लावलंय म्हणाले. कसं, ते दाखवायला स्वतः उठले. नेहमीसारखेच चार पावलं चालले आणि गुडघ्यावर हात ठेवून थांबले.

कारागिरांनी आधी एकमेकांकडं बघितलं. मग एकाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. एकाला चहाचा ठसका लागला.

"हुबेहूब का न्हाय?" आण्णांनी विचारलं.

"हुबेहूब हाय की."

आण्णा खूश झाले. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सांग की ह्यांस्नी, तुला कसं सुचलं?"