गोजरबाईची हिरवी चिंधी

डूख धरावा तर शिनोलीच्या गोजरबाईनं. एकदा शेजारणीनं तिच्या कोंबडीला खडा मारला, तर बाईनं चार वर्षं त्या घरचा चहा घेतला नाही. कोंबडी बिचारी पहिल्याच वर्षी रश्श्यात गेली होती, तरी नाही.

अशा बाईशी भगवंत सरांनी वाकडं घेतलं.

सर हायवेजवळच्या एका खासगी कॉलेजात रसायन शिकवायचे आणि गोजरबाई त्यांच्या प्रयोगशाळेत झाडलोट, धुणंपुसणं करायची. सरांना एकच ध्यास होता, झाडाच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण करायचे. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात काढा ओतायचा. पाणी मधाच्या रंगाचं झालं की डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार झाले म्हणून समजायचं. ना विषारी औषध, ना धूर. पण सर दुकानातला जुनापाना हिरडा उकळायचे आणि पाणी नुसतं गढूळ व्हायचं. आठ महिने हेच चाललं होतं.

शेवटी गोजरबाईला राहवेना. "सर, ह्यो म्हातारा हिरडा बैलाला घाला. बाळहिरडा पायजे, बी धरायच्या आत झाडावरनं काढलेला."

तिचं माहेर वर भीमाशंकराच्या डोंगरात. तिकडं हिरड्याची फांदी मोडायची नाही, बोटानं एकेक फळ खुडायचं, हे बापानं शिकवलेलं. रविवारी जाऊन तिनं पिशवीभर बाळहिरडा आणला. सोमवारी दहा मिनिटांत पाणी मधासारखं झालं.

सर हरखले. "मावशी, आता जिथं हे छापून येईल तिथं तुमचं नाव."

झालं, दुसऱ्या दिवशी ती कामाला यायची त्या सगळ्या वडाप जीपला ही बातमी कळली. ड्रायव्हरनं तिला पुढची सीट दिली.

महिन्याभरानं प्रयोग बघायला पुण्याहून पाहुणे येणार म्हणून प्रयोगाची माहिती लिहिलेला मोठा बोर्ड लागला. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. मंगल नावाच्या विद्यार्थिनीनं वाचून दाखवलं, "साहित्य, स्थानिक स्रोतांकडून."

"यात मी कुठं हाय?"

"तुम्ही म्हणजेच ते स्थानिक स्रोत, मावशी."

गोजरबाई सरांकडे गेली. सर मान वर न करता म्हणाले, "फळं तोडणाऱ्याचं नाव घालतात का कुठं? शास्त्र आहे हे."

"बरं," ती म्हणाली. ज्यांना गोजरबाई माहीत आहे, त्यांना त्या 'बरं'चा अर्थ माहीत आहे.

टेबलाखाली दोन सारखेच पांढरे कॅन असायचे. एकात प्रयोगाचं शुद्ध पाणी, दुसऱ्यात धुण्याचं बोअरचं. बोअरच्या पाण्यात चांदीचा क्षार पडला की पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणून शुद्ध पाण्याच्या कॅनला तिनं लुगड्याची हिरवी चिंधी बांधलेली. सरांना कॅन कळत नसे, चिंधी कळे.

पाहुणे आले त्या सकाळी गोजरबाईनं चिंधी सोडली आणि बोअरच्या कॅनला बांधली. गाठसुद्धा तशीच मारली.

सरांनी भाषण ठोकलं, क्षार टाकला. पाणी पांढरंफेक. पुन्हा केलं. पुन्हा दूध. पाहुण्यांमधल्या वैजयंती मॅडमनी चष्मा पुसला. "नॅनोकण पाहायला बोलावलं होतं ना? की चहाला?"

पोरं खुदखुदली. सरांनी घाम टिपत दाराकडं पाहिलं. "मावशी, जरा बघता का?"

"मी काय बघू? स्थानिक स्रोताला इचारा."

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"ते सर सांगत्याल."

सर पुटपुटले, "बाळहिरडा... यांनीच सुचवला."

"आसं त्वांडी नगं, सर. बोर्डावर लिवा. गावासकट."

सगळ्यांसमोर सरांनी ती ओळ खोडली आणि मार्करनं लिहिलं, गोजरबाई, शिनोली. मंगलनं मोठ्यानं वाचून खात्री दिली, तेव्हा कुठं बाई हलली. तिनं दुसरा कॅन ओढला, भांडी विसळली, क्षार टाकला, काढा ओतला. दहा मिनिटांत मध.

सरांना वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कॅनना कागद चिकटवले. संध्याकाळच्या पुसापुशीत ते कागद बाईच्या ओल्या फडक्यानं निघाले. परत चिकटवले, परत निघाले. चिंधी तर गोजरबाईच्या कनवटीला.

अजूनही रोज सकाळी सर विचारतात, "मावशी, कुठला कॅन?"

गोजरबाई आधी आपला चहा संपवते. कप विसळते, पालथा घालते. मग सांगते.